चार ते नऊ

मी घर सोडलं तेव्हा आमच्या दारात एकतीस जोड चपला होत्या. दहावीची संध्याकाळची बॅच भरली होती. मुलुंड पूर्वेला आमचं दोन खोल्यांचं घर. हॉलमध्ये दहावी, आतल्या खोलीत आठवी-नववी आणि स्वयंपाकघरात ओट्याला पाठ लावून स्कॉलरशिपची चार मुलं, अशी रोजची बैठक असायची. एका हातात रेक्झिनची बॅग आणि दुसऱ्या हातात गुंडाळलेली गादी घेऊन मी मुलांच्या गुडघ्यांमधून वाट काढत हॉल ओलांडला. बाबा फळ्यावर वर्तुळाची स्पर्शिका काढत होते. त्यांनी खडू थांबवला नाही की मागे वळून पाहिलं नाही. एवढंच म्हणाले, "दार ओढून घे."

आई गॅलरीत तांदूळ निवडत बसली होती. क्लासच्या वेळात बोलायचं नाही हा घरचा नियम तिने इतक्या वर्षांत कधी मोडला नव्हता, त्या दिवशीही मोडला नाही. हातातलं सूप तेवढं खाली ठेवलं. माझी धाकटी बहीण मीनल बाहेर जिन्यात उभी होती. ती तेव्हा अठरा वर्षांची होती आणि मी बावीसची. मी तिला म्हटलं, "सहा महिन्यांत तुला घेऊन जाते." ती म्हणाली, "नक्की ना?" मी नक्की म्हटलं, दार ओढून घेतलं आणि खाली उतरले.

तुमच्यापैकी जे दुबईला, कॅनडाला गेलात, त्यांच्या हातावर कुणीतरी दही ठेवलं असेल, विमानतळावर दोन गाड्या भरून माणसं आली असतील. माझा परदेश म्हणजे अंधेरी. तासा-दीड तासाच्या अंतरावर. कुणाला सांगितलं की हसतात. पण मुलुंड आणि अंधेरी यांच्यात मी जेवढं अंतर ठेवलं, तेवढं तुमच्या टोरांटोलाही जमलं नसेल. तुम्ही दर दिवाळीला व्हिडिओ कॉलवर रडता, पुरणपोळीची आठवण काढता. मला घराची आठवण यायची ती अशी की पाठ ताठ व्हायची आणि पाण्याचा पेला हातातून खाली ठेवला जायचा.

पाण्याचं सांगते. क्लास चार ते नऊ. घरात पाय ठेवायला जागा नसायची, म्हणून मी आणि मीनल दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मधल्या जिन्यावर बसायचो. दप्तर, दोन पोळ्यांचे तूप-साखर लावलेले रोल आणि थंडीत एक शाल. शाळेतून आल्यापासून नऊ वाजेपर्यंत, आठवड्याचे सहा दिवस. संडासला जायचं तर हॉल ओलांडायला लागायचा, आणि शिकवण्यात खंड पडलेला बाबांना चालत नसे. त्यामुळे आम्ही चारनंतर पाणी पीत नव्हतो. हे आम्हाला कुणी शिकवलं नाही, आमचं आम्हीच शोधून काढलं. मीनल सात वर्षांची असताना एकदा तिला धरवलं नाही. नऊ वाजता मुलं खाली उतरायला लागली तेव्हा ती ओल्या फ्रॉकवर तशीच बसून होती, कारण उठली असती तर दिसलं असतं. बाबा दारात आले, त्यांनी पाहिलं आणि म्हणाले, "लोकांच्या मुलांसमोर शोभतं का हे?"

लोकांची मुलं. आमच्या लहानपणी हे दोन शब्द मी इतक्या वेळा ऐकले की आपण नक्की कुणाची मुलं, असा मला खरंच प्रश्न पडायचा. मी एकदा विचारलं होतं, आम्ही पण बसू का क्लासला, मागे, भिंतीला टेकून? बाबा म्हणाले, "जागा बाहेरच्यांना लागते. तुम्हाला काय, कधीही शिकवता येईल." ते कधीही कधी आलंच नाही. दहावीला मला गणितात अडतीस मार्क पडले. त्या दिवशी आमच्या घरात पेढ्यांचे बावीस बॉक्स आले होते, बावीस घरांतून, सरांना नमस्कार करायला. बाबांनी माझी मार्कलिस्ट पाहिली आणि विचारलं, "लोकांना काय सांगू आता?"

बाबा वाईट शिक्षक होते असं मी म्हणत नाही. म्हणता आलं असतं तर किती सोपं झालं असतं. गरीब मुलांना ते फुकट शिकवायचे. ज्याला भागाकार येत नाही त्याला सात वेळा समजावायचे, आवाज न चढवता. मी जिन्यावरून ऐकलेलं आहे ते. "घाई नाही बाळा, पुन्हा बघू." तो आवाज आठवला की अजून माझं डोकं फिरतं, कारण तो आवाज घरात होता, रोज पाच तास होता, आणि दाराच्या आतच राहायचा.

मीनल आठ वर्षांची असताना तिचा डावा कान वाहायला लागला. आईने लसूण घालून कोमट केलेलं तेल कानात सोडलं आणि कापसाचा बोळा लावला. बाबा म्हणाले, "परीक्षा होऊ दे, मग बघू." मार्चमध्ये दहावीची परीक्षा झाली. मग सुट्टीतल्या बॅचेस. मग जूनमध्ये नवीन मुलं. मग सहामाही. सगळ्या परीक्षा लोकांच्या मुलांच्या, आणि थांबायचं मीनलच्या कानाने. तिला हाक मारलेली कळायची नाही. "लक्ष नसतं हिचं," बाबा म्हणायचे, आणि एकदा लक्ष नसण्याबद्दल त्यांनी तिच्या त्याच कानाखाली वाजवली. आईने त्या रात्री जास्त तेल घातलं. आईला सूट देणारी माणसं मला खूप भेटतात. बिचारी, ती तरी काय करणार, असं म्हणतात. मी ती सूट देत नाही. तिला दिसत होतं. बोळा रोज तीच बदलत होती.

शेवटी बोलल्या त्या दुसऱ्या मजल्यावरच्या कदम काकू. मालवणकडच्या. काकांची गिरणी बंद पडल्यावर ते टेम्पो चालवायचे आणि काकू घरी पापड-कुरडया करून विकायच्या. बिल्डिंगमधले सगळे आम्हाला वळसा घालून जायचे आणि "सरांच्या मुली किती शहाण्या" म्हणायचे. काकू मात्र एके दिवशी मीनलजवळ थांबल्या, वाकून वास घेतला आणि मला म्हणाल्या, "गो बाय, ह्या चेडवाच्या कानातसून पू येता. तुझ्या आवशीक दिसणा नाय काय?" आवस म्हणजे आई, एवढं मला कळलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी आम्हा दोघींना रिक्षात घातलं आणि सरकारी दवाखान्यात नेलं. मी चौदा वर्षांची होते. डॉक्टरीणबाईंनी कानात पाहिलं आणि काकूंना आई समजून फैलावर घेतलं. दोन वर्षं काय झोपला होतात, पडदा पूर्ण गेलाय, दुसऱ्या कानालाही लागण झालीय, कशा आया असता तुम्ही? मी तोंड उघडणार तर काकूंनी माझा दंड दाबला. म्हणाल्या, "चुकलां माझां." सगळं ऐकून घेतलं, औषधाची चिठ्ठी घडी करून कमरेला खोचली आणि परत येताना आम्हाला उसाचा रस पाजला. घरी आल्यावर बाबांचं म्हणणं एवढंच होतं, की घरातलं बाहेर कशाला सांगायचं.

मीनलचा डावा कान गेला तो गेलाच. उजव्यात आता मशीन आहे.

अंधेरीत मी मरोळला एका घरात कॉट घेतली, तिघी मुलींत एक खोली. विमानतळाजवळ एका क्लिअरिंग एजंटकडे नोकरी लागली होती. बाहेरदेशातून आलेल्या मालाचे कागद तयार करायचे, कस्टममधून सोडवून आणायचे. ऑफिसात गुजराती, मल्याळी, युपीवाले, सगळे आपापल्या हिंदीत बोलायचे. "मॅडम, चाय बोलू क्या?" हे वाक्य पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी मागे वळून पाहिलं होतं, कुणाला विचारतोय म्हणून. चार वाजून जायचे आणि मी खुर्चीवर बसलेली असायचे, पंख्याखाली. पाणी प्यायचे. हवं तेव्हा उठून जायचे. तुम्हाला ही चैन वाटणार नाही. मला कित्येक महिने वाटली.

हे सगळं मी कधी लिहिलं नसतं. बाबा आता एक्याऐंशीचे आहेत. त्यांच्या विद्यार्थ्यांनी मुलुंडमध्ये हॉल घेऊन त्यांचं सहस्रचंद्रदर्शन करायचं ठरवलं. एक्याऐंशी दिव्यांनी औक्षण, वह्यांची तुला, त्या वह्या नंतर गरीब मुलांना वाटायच्या आणि एक स्मरणिका. पुढाकार अभयदादाचा. सुरुवातीच्या बॅचचा, आता पवईला स्वतःची कंपनी आहे त्याची. त्याने मला फोन केला, "वैशाली, अगं तुझा लेख पाहिजेच. आणि औक्षणाला तुम्ही दोघी पुढे." मी बघते म्हटलं. महिन्याभराने त्याने व्हॉट्सॲपवर स्मरणिकेची पानं पाठवली. खाली लिहिलं होतं, सरांनी स्वतः तपासून दिलेलं प्रूफ.

सोळाव्या पानावर एक जुना फोटो होता. आमचा जिना. पायऱ्यांवर अकरा मुलं, मधोमध बाबा, पांढरा शर्ट, हातात डस्टर. सगळ्यात खालच्या पायरीवर दोन मुली. मोठीच्या मांडीवर दप्तर, धाकटीच्या गालाजवळ शाल. फोटोखाली डावीकडून उजवीकडे अकरा नावं, आणि शेवटी कंसात: खाली बसलेल्या दोन मुलींची नावे उपलब्ध नाहीत.

मी ते तीनदा वाचलं. मग तो फोटो बोटांनी मोठा केला. बाबांच्या लाल पेनची खूण त्या पानावर होती. वरच्या ओळीतल्या उजवीकडून तिसऱ्या मुलाचं नाव खोडून त्यांनी लिहिलं होतं, "हा सावंत नव्हे, शिर्के. सावंत पुढच्या वर्षीचा." चाळीस वर्षांपूर्वी कुठला मुलगा कुठल्या पायरीवर उभा होता हे त्यांना आठवत होतं. आणि त्याच पेनाने, त्याच पानावर, दोन मुलींवरून ते पुढे गेले होते.

अभयदादाला फोन लावला. तो गडबडला. "अगं, मुलांनी टाइप केलं ते, नावं माझ्याकडून घेतली नाहीत. वाट लागली यार, सॉरी. आत्ता घालतो."

"तुला माहीत होतं ना त्या कोण?"

तो मग म्हणाला, "माहीत होतं. रोज तुमच्यावरून पाय टाकून जायचो. आम्हाला वाटायचं, तुम्हाला तिथे बसायला आवडतं."

शनिवारी मी मुलुंडला गेले. दोन वर्षांनी. बाबा खिडकीशी खुर्चीत होते. एक बाई दिवसभर सांभाळायला असते, तीही विद्यार्थ्यांनीच लावून दिलेली. मी प्रिंट त्यांच्यासमोर धरली आणि विचारलं, "बाबा, ह्या दोघी कोण?"

खरं सांगते, जाताना सगळ्या रस्त्यात मी एकच गोष्ट मनात धरली होती, की ते म्हणतील आठवत नाही. वय झालंय, नजर गेलीय, काहीही. मी ते मान्य करणार होते. विसरणाऱ्या म्हाताऱ्या माणसावर किती रागवायचं?

त्यांनी भिंग घेतलं, नीट पाहिलं. "तू आणि मीनल."

"मग नावं का नाही लिहिलीत?"

"खाली बॅचची नावं आहेत," ते म्हणाले. "तुम्ही बॅचमध्ये नव्हतात."

चिडून बोलले नाहीत ते. विद्यार्थ्याची शंका फेडावी तसं बोलले. मग बाईंना म्हणाले, हिला चहा करा. मी चहा न घेता निघाले. जिना उतरताना त्या मधल्या पायऱ्यांपाशी थांबले. बिल्डिंगने आता टाइल्स बसवल्यात. चुकलं म्हणून कुणी माफी मागितली तर काय करायचं हे मला माहीत आहे. पण ज्याला आपलं काही चुकलं असं वाटतच नाही, ज्याचा हिशोब त्याच्या लेखी बरोबरच आहे, त्याच्या दारात उभं राहून मी कुणाशी भांडू? तरी मी भांडले. घरी येईपर्यंत रिक्षात, बसमध्ये, मनातल्या मनात, एकटीच.

घर म्हणजे आता बोरिवली. मी आणि मीनल इथे वीसेक वर्षं एकत्र राहतो. ती एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये रिपोर्ट टाइप करते. लग्नाचा विषय आम्ही दोघींनी काढला नाही. मी सगळं तिला सांगितलं, हातवारे करून, ओरडून. अभयदादाने काय छापायला हवं, बाबांना स्टेजवर कुणीतरी काय विचारायला हवं. ती उजवा कान माझ्याकडे करून ऐकत होती. वाटाणे सोलत होती. सगळं ऐकून म्हणाली, "ताई, दार कुणी ओढलं?"

मला आधी कळलंच नाही.

"ते म्हणाले दार ओढून घे. आणि तू घेतलंस ना. मी बाहेर जिन्यात होते. सहा महिने म्हणालीस."

"चार वर्षं लागली गं. जागा नव्हती, पगार..."

"दुसऱ्या वर्षी तुझ्याकडे खोली होती," मीनल म्हणाली. "बाबांचं छापून आणतेयस ना, मग तुझंही लिही. ते कोण छापणार?"

म्हणून हे लिहितेय. तिला आणि तुम्हालाही. जे घर सोडून गेलात आणि जाताना मागे कुणालातरी नक्की म्हणालात, त्या तुम्हाला.

दुसऱ्या वर्षी माझ्याकडे खोली होती. अंधेरीतच मोगरा पाड्यात, एकटीची, मोरी असलेली. मीनलला आणणं जमलं असतं. मी आणलं नाही, कारण मला ते नको होतं. रविवारी ऑफिसच्या मैत्रिणींबरोबर जुहूला जायचं, परत येऊन पाय पसरून झोपायचं, कुणाला जेवायला घालायचं नाही, कुणाचा कान पुसायचा नाही. दहा वर्षांची असल्यापासून मी तिची आई होते आणि मला ते काम सोडायचं होतं. तेवढ्यात आईला अर्धांगवायू झाला. मी सणाला एक तास जायचे, मिठाईचा बॉक्स घेऊन, अगदी बाबांच्या विद्यार्थ्यांसारखी. मीनलने दुसऱ्या वर्षाला कॉलेज सोडलं. आईचं सगळं तिने केलं, आणि बाबांच्या चाचणी परीक्षांचे पेपरही तपासून दिले. क्लास चालूच होता. तिने एकदा विचारलं होतं, "ताई, अजून किती दिवस?" मी म्हटलं, "आईचं जरा सावरू दे, मग बघू."

मग बघू. हे माझ्या तोंडून आलं. मला त्या क्षणी ते कुणाचं वाक्य आहे हे कळलं होतं, तरी मी ते बोलले. आईच्या तेराव्यानंतर मीनल स्वतःच बॅग भरून माझ्या दारात आली. मी तिला आणलं असं मी आजवर सगळ्यांना सांगत आलेय. मी आणलं नाही. ती आली.

लेख मी दिला नाही. अभयदादाला फोटोखाली छापायला दोन वाक्यं दिली: "खालच्या पायरीवर सरांच्या मुली, वैशाली आणि मीनल. क्लास असे तेव्हा, रोज चार ते नऊ, त्या या जिन्यावर बसत." तो म्हणाला, "वैशाली, लोक विचारतील गं." मी म्हटलं, विचारू देत. त्याने छापलं. त्याचं एवढं मी मानते.

आम्ही गेलो नाही. औक्षण कुणा विद्यार्थ्यांच्या बायकांनी केलं म्हणे. तुलेचे फोटो ग्रुपवर आले, एका पारड्यात बाबा आणि दुसऱ्यात वह्यांचे गठ्ठे. कदम काकूंनाही बोलावलं होतं. त्यांनी सोळावं पान नातवाकडून वाचून घेतलं आणि मला फोन करून म्हणाल्या, "बरां केलंस बाय."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बाबांचा फोन आला. ते मला फोन करत नाहीत.

"स्मरणिका वाचली," ते म्हणाले. "पान सोळा."

"हं."

मागे टीव्ही चालू होता. मी वाट पाहत राहिले. माझं वय एकोणपन्नास आहे आणि मी श्वास धरून वाट पाहत होते, याचाच मला संताप येत होता.

"वाक्य बरोबर आहे," बाबा म्हणाले. "फोन ठेवतो."

मीनल माझ्या समोरच बसली होती. "काय म्हणाले?"

"वाक्य बरोबर आहे म्हणाले."

"मार्क किती दिले?" मीनलने विचारलं, आणि आम्ही दोघी इतक्या हसलो की तिच्या कानातलं मशीन शिट्टी वाजवायला लागलं. ते नीट बसवत ती म्हणाली, "आणि तुझं लिहून झालं का?"

झालं होतं. उद्या वाचते म्हटलं. "उद्या नको. आत्ता वाच," ती म्हणाली. सहा वाजले होते. तिने दोघींना पाणी आणलं आणि मी इथपर्यंतचं सगळं तिला वाचून दाखवलं, मोगरा पाड्याच्या खोलीसकट. तिने मधे अडवलं नाही. जाऊ दे गं, झालं गेलं, असंही म्हणाली नाही. म्हणावं अशी माझी फार इच्छा होती. पण ती उठून गेली नाही. माझं वाचून झालं तेव्हा सात वाजायला आले होते. मग तिने कुकर लावला.

घर म्हणजे काय, याची उत्तरं तुम्ही परदेशातून फार सुंदर लिहिता. मला तेवढं येत नाही. चार ते नऊ आम्ही दोघी आत असतो.